प्लिमथ ते पूल: 26 फुटी जुन्या बोटीच्या पोटात सात दिवस

दिवस पहिला, प्लिमथ

बोट एप्रिलमध्येच घेतली होती पण ताबा घ्यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. शिडाची बोट आहे, 26 फूट लांब, 1970च्या दशकात इंग्लंडमध्येच बांधलेली, फायबरग्लासची, आणि खाली एकाऐवजी दोन कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारे जड पंख, असलेली. किंमत म्हणाल तर बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीला पडते त्यापेक्षा कमीच. ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्लिमथहून त्याच किनाऱ्यावरच्या पूल नावाच्या बंदरापर्यंत स्वतः चालवत आणायची असं ठरलं. मी, नवरा, आणि आमच्या शेजारचे काका. काका इंग्रज आहेत, सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं याच किनाऱ्यावर शिडाच्या बोटी चालवलेले, आमची मुलगी त्यांना काका म्हणते म्हणून आम्हीही काकाच म्हणतो आणि त्यांना ते आवडतं.

या लिखाणात वारा आणि लाटा कमी असतील हे आधीच सांगते. मला बोटीच्या आतल्या भागाबद्दल लिहायचंय. बोट विकत घेताना माणसं डोलकाठी बघतात, शिडं उलगडून बघतात, इंजिन सुरू करून बघतात, आणि आतमध्ये डोकावून "छान आहे, सहा जण झोपतील" म्हणून मोकळे होतात. पण माणूस बोटीवरचा अर्ध्याहून जास्त वेळ आतच काढतो, तिथेच शिजवतो, तिथेच झोपतो आणि तब्येत बिघडली तर तिथेच पडून राहतो.

चार पायऱ्या उतरलं की उजव्या हाताला गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. दोन बर्नरची शेगडी, खाली ग्रिल, एक खोल स्टीलचं सिंक आणि पोळपाट जेमतेम मावेल एवढा ओटा. डाव्या हाताला चार्ट टेबल, म्हणजे समुद्राचे नकाशे पसरायचं टेबल, आणि त्याच्या मागे थेट कॉकपिटच्या, म्हणजे बोट चालवायला बसतात त्या मागच्या उघड्या जागेच्या, खाली शिरणारी लांबट बोगद्यासारखी झोपायची जागा, तिला क्वार्टर बर्थ म्हणतात. पुढे बसायची जागा, डावीकडे टेबल आणि समोरासमोर दोन बाकं, टेबल खाली उतरवून वर गादी टाकली की दोघांचा बिछाना, उजवीकडे एक सलग लांब बाक. त्यापुढे संडास, बोटीवर त्याला हेड्स म्हणतात, आणि अगदी पुढच्या टोकाला व्ही आकारात दोन बिछाने, तिथे झोपलेल्या दोघांचे पाय एकमेकांना लागतात. सगळ्यात रुंद ठिकाणी बोट साडेआठ फूट आहे आणि मधोमध उभं राहिलं तर सहा फुटी माणसाचं डोकं छताला टेकतं.

आणि छत! त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश बोटींमध्ये छताला आतून फोमवाला रेक्झिन चिकटवायचे. चाळीसेक वर्षांत तो फोम कुजतो, त्याची तपकिरी पावडर होते, गोंद सुटतो आणि रेक्झिन लोंबायला लागतं, मांडवाच्या कापडात पावसाचं पाणी साठल्यावर लोंबतं ना अगदी तसं. आमच्या बोटीत पुढच्या बंकवर, म्हणजे त्या व्ही बिछान्यावर, ते इतकं खाली आलंय की उताणं झोपलं तर नाकाला लागतं. हे माहीत असूनच बोट घेतली. छत बदलता येतं, वेळ लागतो पण जमतं. जी गोष्ट नंतर बदलता येत नाही ती म्हणजे आतली मांडणी, आणि ती मला आवडली होती.

मी सगळ्यात आधी वास घेते. बंद बोटीचा वास खोटं बोलत नाही. आमच्या बोटीत थोडा डिझेलचा, थोडा बुरशीचा आणि हेड्सच्या दारापाशी एक आंबट वास होता. तिथले पाइप जुने झाले की रबरातून वास बाहेर झिरपायला लागतो. काकांनी एक युक्ती दाखवली, कापड गरम पाण्यात भिजवून पिळायचं, पाइपवर थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं, मग काढून हुंगायचं. कापडाला वास लागला तर पाइप गेला. आमचा एक गेला होता, एक चांगला निघाला.

चाव्या द्यायला आधीच्या मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी ही बोट 31 वर्षं चालवली, ते गेल्या वर्षी वारले. बाई आत उतरल्या, बाकावर बसल्या, कुशनवरून हात फिरवला आणि चार्ट टेबलचं झाकण उघडून आम्हाला दाखवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या यजमानांच्या अक्षरात पेन्सिलीने पूर्ण यादी, बोटीच्या तळाला भोकं किती, प्रत्येकाचा व्हॉल्व कुठे, तो बंद करायला कुठल्या बाजूला फिरवायचा, पाण्याच्या टाकीत किती मावतं, कुठल्या लॉकरमागून कुठली वायर जाते. शेवटी दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ, गॅस दोनदा बघ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाईंच्या नाही आलं, त्या म्हणाल्या बोट बांधून ठेवू नका, चालवा.

संध्याकाळ ती यादी हातात घेऊन सगळे व्हॉल्व शोधण्यात गेली. पाच निघाले. त्यांना सीकॉक म्हणतात, बोटीच्या कवचातून पाइप जिथे बाहेर जातो तिथला नळ. प्रत्येकाच्या शेजारी दोरीने बांधलेली निमुळती लाकडी खुंटी होती, सीकॉक तुटलाच तर ती भोकात ठोकून पाणी थांबवायचं. पाचच्या पाच खुंट्या जागेवर. त्या माणसाने बोट कशी सांभाळली ते मला तिथेच कळलं, वरचं वार्निश वगैरे नंतरची गोष्ट.

दिवस दुसरा, प्लिमथ ते सॅल्कम

सकाळी ब्रेकवॉटरच्या पूर्वेकडून बाहेर पडलो. हा प्लिमथचा बांध दीडेक किलोमीटर लांब आहे, 1812 साली काम सुरू झालेलं, आणि त्याच्या आत आहात तोवर समुद्र तळ्यासारखा असतो. बाहेर पडल्या पडल्या उजव्या बाजूने नैर्ऋत्येचा वारा आणि त्याच दिशेची लांब लाट, बोट डावी उजवी डावी उजवी असं डोलायला लागली आणि आतून एकदम आवाज सुरू झाले. ताटल्या खणखणतायत, कुठेतरी बाटली गडगडतेय, दार टकटक करतंय, डोलकाठीच्या आत वायर आपटतेय.

काका म्हणाले, "चल, आवाज शोधू." मला वाटलं गंमत म्हणून म्हणतायत. तसं नव्हतं, रात्री समुद्रात असताना झोपलेल्या माणसाला नवीन आवाज ऐकू यायला हवा, आणि तो ऐकू यायचा तर आधीचे सगळे आवाज बंद झालेले हवेत. मग मी आणि काका गुडघ्यांवर बसून लॉकरमागून लॉकर उघडत गेलो, ताटल्यांच्या मध्ये पेपर नॅपकिन, बाटल्यांना पायमोजे, कपांच्या हुकांना रबर, दाराच्या फटीत दुमडलेला पुठ्ठा. दीड तास लागला. शेवटी एकच टिकटिक उरली, ती सापडेना, आणि मग लक्षात आलं की भिंतीवरचं पितळी घड्याळ आहे ते.

या शोधाशोधीत बोटीचं सामान कुठे काय आहे ते पाठ झालं. बाकांच्या खाली लॉकर, बाकांच्या पाठीमागे लॉकर, पायाखालच्या फळ्या उचलल्या की बिल्ज, म्हणजे बोटीचा तळ, तिथे पाणी साठतं. टिनच्या डब्यांवरची कागदी लेबलं काढून टाकलेली आणि मार्करने झाकणावर नाव लिहिलेलं. हे का, तर बिल्जमध्ये पाणी आलं की लेबल सुटतं, त्याचा लगदा होतो, तो पंपात अडकतो, आणि पंपाची गरज असते त्याच वेळी पंप बंद पडतो. किती साधी गोष्ट आहे, पण मला सुचली नसती.

सॅल्कमच्या तोंडावर वाळूचा बार आहे. ओहोटी आणि दक्षिणेची लाट एकत्र आली की तिथे पाणी फुटतं. 1916 च्या ऑक्टोबरमध्ये तिथेच लाइफबोट उलटली आणि 15 पैकी 13 जण बुडाले. आम्ही चढत्या भरतीत, वारा निवळल्यावर आत शिरलो, काही त्रास नाही.

रात्री मी पुढच्या बंकवर झोपले. मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या बोयाला बोट बांधलेली असताना, ती जागा सगळ्यात सुंदर, कानाशी पाणी खुळखुळतं, वरच्या झडपेतून तारे दिसतात. पण पहाटे उठले तर गादीची खालची बाजू ओली. तीन माणसांचा रात्रभरचा श्वास, चहाची वाफ, बाहेर थंड पाणी, आणि मध्ये फायबरग्लासचा पातळ पत्रा, मग वाफ त्यावर जमून पाणी होणारच. गादी थेट फळीवर टाकली की हवा खेळत नाही. खाली लाकडी पट्ट्यांची जाळी हवी, हे माझ्या वहीत पहिलं काम म्हणून लिहिलं.

दिवस तिसरा, सॅल्कम ते डार्टमथ

या दिवसाने बोट खरी दाखवली. वारा रात्रीत फिरून ईशान्येचा झाला होता, वाऱ्याच्या बोफर्ट मापात पाचच्या फोर्सचा, म्हणजे चांगला जोराचा, आणि स्टार्ट पॉइंटचं पांढरं दीपगृह ओलांडून वर वळलो की तो अगदी तोंडावर. म्हणजे नागमोडी जायचं, पंधरा वीस मिनिटं एका कुशीवर आणि मग तेवढीच दुसऱ्या. कुशी म्हणजे बोट 20-25 अंश कललेली. बंदरात उभ्या बोटीत उभं राहून हे कधीच कळत नाही, त्या कलाने जमीन ही भिंत होते आणि भिंत ही जमीन.

मी आत चहा करायला उतरले. पहिल्यांदा कळलं की हाताला धरायला काय आहे हाच पहिला प्रश्न. पायऱ्यांच्या वरच्या कडेला मूठ, तिथून हात सोडायच्या आधी ओट्याच्या कोपऱ्यातला दांडा, तिथून छतालगतची लांब लाकडी पट्टी, तिथून मधल्या भिंतीच्या कडेचं गोल खाचलेलं लाकूड. आमच्या बोटीत एक हात सोडला की दुसऱ्या हाताला काहीतरी लागतंच. त्या पट्ट्यांवरचं वार्निश जिथे जिथे उडालंय तिथे तिथे 31 वर्षं कुणाचातरी हात पडलाय. बोट अरुंद आहे म्हणून आधी मला थोडं वाईट वाटलं होतं, त्या दिवशी वाटेनासं झालं. पडलेच तरी तीन फुटांपेक्षा जास्त लांब पडूच शकत नव्हते!

शेगडी दोन खिळ्यांवर झुलती टांगलेली असते, गिम्बलवर. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते, पाळण्यासारखी. शेगडीच्या कडेला भांडी धरायचे चिमटे, ओट्याला वर आलेली पट्टी म्हणजे फिडल, तिच्यामुळे कप घरंगळत नाहीत. आणि माझ्यासाठी कमरेमागून अडकवायचा जाड पट्टा, तो दोन बाजूंच्या कड्यांना लावला की दोन्ही हात मोकळे. काकांचा एकच नियम, उकळतं पाणी हाताळताना उकाडा असला तरी पावसाळी पँट आणि बूट घालायचे, कारण बोटीवरची सगळ्यात जास्त होणारी गंभीर इजा म्हणजे भाजणं असं ते म्हणतात. मी घातले. आणि कप अर्धाच भरायचा.

मग एका वळणाला वरच्या कुशीकडच्या लॉकरचं दार धाडकन उघडलं आणि दोन किलो तांदळाची पिशवी केबिनभर. दाराला बोट घालून उघडायचं भोक होतं आणि मागे स्प्रिंगची छोटी कडी, ती झिजलेली. मी आणि नवरा कललेल्या जमिनीवर लोळून तांदूळ गोळा करत होतो, तो म्हणत होता, "अगं राहू दे, डार्टमथला करू," आणि मला त्या पेपरच्या लगद्याची गोष्ट आठवत होती, तांदूळ बिल्जमध्ये गेले, फुगले आणि पंपात शिरले तर? एक तास गेला. तिथून पुढे कोरडं सगळं फिरकीच्या बरण्यांत.

हेड्सचंही तेव्हाच कळलं. बोट कलली की संडासाचं भांडं पाण्याच्या पातळीच्या खाली जाऊ शकतं आणि समुद्राचं पाणी पाइपमधून उलटं आत यायला लागतं. त्यासाठी पाइपला वर उंच नेऊन वळसा दिलेला असतो आणि त्या वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व असतो. तो मिठाने चिकटलेला होता. भांडं हळूहळू भरत होतं ते काकांना दिसलं, त्यांनी दोन्ही सीकॉक बंद केले. दर वेळी वापरून झालं की बंद, असा नियम झाला आणि दारावर चिठ्ठी लावली.

दुपारी डार्ट नदीत शिरलो. एका काठाला किल्ला, दुसऱ्या काठाला किंग्सवेअर, पाणी एकदम शांत, बोट सरळ झाली आणि माझे पाय थोडा वेळ तिरकेच चालत राहिले.

दिवस चौथा, डार्टमथ, पाऊस

दिवसभर पाऊस. आणि क्वार्टर बर्थच्या वर टपटप. माझी उशी भिजली. नवऱ्याला वाटलं खिडकी गळतेय, तो खिडकीची चौकट खोलायलाच निघाला होता. काकांनी थांबवलं. बोटीत पाणी जिथे टपकतं तिथून ते क्वचितच आत आलेलं असतं. ते डेकमधल्या कुठल्याशा स्क्रूमधून शिरतं, छताच्या आणि रेक्झिनच्या मधून वाट काढत चार-पाच फूट लांब जातं आणि सोयीची जागा बघून टपकतं. लोंबणाऱ्या रेक्झिनचा एक फायदा झाला, तिथे ते आधीच सुटलेलं होतं, कडेने उचलून आत बघता आलं. मी टाल्कम पावडरचा डबा काढला आणि आतल्या फायबरग्लासवर भुरभुरली. वीस मिनिटांत पावडरीत पाण्याने रेघ काढली, खिडकीपासून नव्हे, तर तिच्या मागे दोन फुटांवर, कडेच्या रेलिंगचा खांब जिथे बोल्टने बसवलाय तिथून. खिडकी बिचारी निर्दोष.

पाऊस थांबल्यावर खांब सैल करून, जुनं सील खरवडून ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, गुंडाळून परत आवळला. ओल्यात केलेलं काम, नीट परत करावंच लागेल. पण रात्री उशी कोरडी राहिली.

या दुपारी पोंटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, शेजारी एक हॉलबर्ग-रॅसी उभी होती, स्वीडनमधली, एल्लोस नावाच्या गावात बांधतात त्या. मी तांदळाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यावरच्या आजी हसल्या आणि म्हणाल्या आत ये, बघ. मी चपला बाहेर काढून उतरले. महोगनी! सगळीकडे गडद मधासारखं महोगनी, एकही धारदार कोपरा नाही, प्रत्येक कोपरा तळहात बसेल असा गोल केलेला, लॉकरची दारं उघडताना आधी बटण दाबावं लागतं म्हणजे आपोआप उघडणं शक्यच नाही. सुताराचं काम बघून मला रडू येईल असं वाटलं. आजोळी हर्णैला आमच्या मामाच्या शेजारी मच्छीमार बोटी बांधणारे सुतार होते, ते फळीला फळी भिडवताना मध्ये कापसाची वात ठोकायचे आणि आम्ही पोरं बघत बसायचो. त्या बोटींवर आतमध्ये खोली अशी नसायचीच, खलाशी वर जाळ्यांच्या ढिगावर ताडपत्री ओढून झोपायचे. बोटीच्या पोटात कुणी गोल कोपरे करत असेल हे तेव्हा सांगितलं असतं तर पटलं नसतं.

रात्री काका 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीबद्दल बोलले. 303 बोटी निघाल्या, वादळ आलं, 85 पोचल्या आणि 15 खलाशी गेले. नंतर जी चौकशी झाली त्यात आतल्या गोष्टींवर बरंच होतं, जिन्याच्या दाराच्या फळ्या म्हणजे वॉशबोर्ड बोट उलटली तेव्हा निसटून गेले आणि त्या उघड्या दारातून पाणी आत आलं, शेगड्या, बॅटऱ्या, जड सामान जागेवरून सुटून माणसांवर आदळलं. आमच्या वॉशबोर्डना आतून आणि बाहेरून दोन्हीकडून अडकवता येईल अशी दोरी आहे, ती काकांनी दाखवली. मग आम्ही तिघांनी टॉर्च घेऊन बॅटऱ्या बघितल्या. नुसत्या एका लाकडी खोक्यात ठेवलेल्या होत्या, वर पट्टा नाही. प्रत्येकी वीसेक किलो. सकाळी दुकान उघडल्यावर पहिली खरेदी रॅचेटचे दोन पट्टे.

दिवस पाचवा, डार्टमथ ते वेमथ

पट्टे घेण्यात सकाळ गेली म्हणून निघालो ते दुपारी, आणि लाइम बे हा उपसागर रात्रीतून ओलांडायचा ठरला. सुमारे 50 नॉटिकल मैल, आमच्या वेगाने अकरा तास, आणि पोर्टलंड बिलपाशी पाणी फिरण्याच्या वेळेला पोचणं भाग. त्या टोकापुढे समुद्राचा प्रवाह उधाणाला सात नॉटच्याही वर धावतो आणि पाणी उकळल्यासारखं उभं राहतं. आमचा भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचा, आठवडा होता, तरी काकांनी लांबून, बाहेरून जायचं ठरवलं.

संध्याकाळी सातला खिचडी. प्रेशर कुकर मी मुद्दाम आणला होता, काकांना वाटलं होतं उगाच ओझं. पण बोटीसाठी याहून चांगलं भांडं नाही, झाकण लॉक होतं त्यामुळे उलटला तरी सांडत नाही, गॅस निम्मा लागतो, केबिनमध्ये वाफ कमी होते. मूगडाळ तांदूळ, हळद, जिरं, वरून तूप आणि लिंबाचं लोणचं. खोल बाऊलमध्ये, चमच्याने, कॉकपिटमध्ये बसून. शिट्टी झाली तेव्हा काका दचकले, मग दुसऱ्या वेळी वाढून घेतलं.

जेवण झालं की गॅस आधी बाटलीपाशी बंद, मग शेगडीपाशी, मग त्या यादीतल्या ओळीप्रमाणे परत एकदा बघायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खिडकीतून निघून जात नाही, तळाला बिल्जमध्ये साठतो आणि कुठल्याही ठिणगीची वाट बघतो. म्हणून बाटलीचा लॉकर केबिनपासून बंदिस्त असतो आणि त्याच्या तळाला समुद्रात उघडणारं भोक असतं. आमचं भोक कोळ्याच्या जाळ्यांनी बुजलं होतं, ते पहिल्याच दिवशी साफ केलं.

रात्री दहा ते एक माझी झोपेची पाळी. चालत्या बोटीत पुढच्या व्ही बंकवर झोपता येत नाही, तिथे माणूस उडतो. मधोमध आणि खाली, जिथे बोट सगळ्यात कमी हलते, तिथला बाक. त्या बाकाच्या गादीखालून एक कॅनव्हासचं कापड निघतं, ते वर ओढून छताच्या कड्यांना दोरीने बांधायचं, त्याला लीक्लॉथ म्हणतात. झोळीच. बाळाला झोळीत टाकतात तशी मी त्यात पडले, एका बाजूला बोटीची भिंत, दुसऱ्या बाजूला कापड, पाठीला आणि गुडघ्याला एकेक उशी ठोसून. बाक दोन फुटांहूनही अरुंद आहे. घरी असतं तर म्हटलं असतं कसं झोपायचं यावर, इथे तोच अरुंदपणा मला घट्ट धरून होता. बोट डोलत होती आणि माझं अंग गादीवर घसरत नव्हतं. कानाशी एका इंचापलीकडे अख्खा समुद्र सळसळत जात होता.

झोप लागेपर्यंत मी तारिणीचा विचार करत होते. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा जणी त्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, बोट 56 फुटी, गोव्यात बांधलेली. तिच्या आधीची म्हादेई, जिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे जग फिरून आले, तीही गोव्यातलीच, दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. 56 फूट बाहेरून मोठे वाटतात पण सहा जणींनी आठ महिने त्याच आतल्या जागेत काढायचे, दक्षिण महासागरातल्या थंडीत ओले कपडे सुकवायचे, आळीपाळीने झोपायचं, शिजवायचं. आमची एकच रात्र आणि तीन माणसं.

लाल दिव्याखाली नवऱ्याने मला एकला उठवलं. चार्ट टेबलवरचा हा लाल दिवा डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून असतो. तो म्हणाला, "ऐक ना, तुला काही ऐकू येतंय का?" मी कान दिला. घड्याळाची टिकटिक आणि बाहेरचं पाणी, बाकी काही नाही. तो खूश होऊन झोळीत शिरला.

पोर्टलंडचं दीपगृह पहाटेपर्यंत डावीकडे चमकत होतं, उजाडल्यावर पांढऱ्या मनोऱ्यावरचा लाल पट्टा दिसला. सहाच्या सुमारास वेमथ.

दिवस सहावा, वेमथ

झोप, फिश अँड चिप्स, परत झोप.

इथे धक्क्याला बोटी एकीला एक बांधतात, आम्ही चौघींच्या रांगेत तिसऱ्या, त्यामुळे बाहेरच्या बोटीवरचे लोक आमच्या डेकवरून जात होते आणि आम्ही आतल्यांच्या. धक्क्यालगतची बोट कॉन्टेसा 32 होती, लिमिंग्टनची, फास्टनेटच्या त्या वर्षी सगळ्यात लहान बोटींच्या गटात शर्यत पूर्ण केलेली एकमेव बोट याच जातीची. मालकाने आत डोकावू दिलं. आमच्यापेक्षा सहा फुटांनी लांब आणि रुंदीला फक्त एक फूट जास्त, आत गेल्यावर मिठीत घेतल्यासारखं वाटतं. तिच्या पलीकडे एक नवी कोरी 40 फुटी बोट, आत पांढरा सोफा, मधोमध मोकळी जमीन, घरातल्या हॉलसारखी. नवऱ्याला ती फार आवडली. बंदरात राहायला छानच आहे ती, खरंच. पण मी सवयीने हात वर केला तर धरायला काही नव्हतं.

दिवस सातवा, पूल

लुलवर्थच्या लष्करी गोळीबार रेंजला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून किनाऱ्याच्या जवळून आलो, सेंट ऑल्बन्स हेडपाशी थोडं आदळआपट, मग ओल्ड हॅरीचे पांढरे सुळके आणि साखळीवर चालणारी चेन फेरी चुकवून आत पूल हार्बर. हा हार्बर प्रचंड पसरलेला आणि फार उथळ, आमच्या बोटीला तीनच फूट पाणी लागतं म्हणून याच्यासाठीच ही बोट घेतली. ब्राउनसी बेटाच्या मागे नांगर टाकला आणि ओहोटीची वाट बघत बसलो. पाणी उतरलं, दोन कील चिखलात हळूच बसले आणि बोट सरळच्या सरळ उभी राहिली, टेबलवरचा चहा हलला पण नाही. शेजारी चिखलात अशीच बसलेली एक वेस्टर्ली सेंटॉर होती, लॉरेंट जाइल्स कंपनीचं डिझाइन, 1969 ते 1980 मध्ये या 2400 च्या वर बांधल्या गेल्या, मध्यमवर्गीय माणसाला कुटुंबासकट समुद्रावर जाता यावं म्हणून. तिच्या खिडकीतून एक लहान मुलगी बाहेर बघत होती.

बोट अशी स्थिर असताना छताचं माप घ्यायचं काम उरकलं. रेक्झिन सोललं, ते हातात आलं तसं तपकिरी धुळीने केबिन भरली, मास्क लावूनही खोकला. प्रत्येक भागावर ब्राउन पेपर धरून, कडेने पेन्सिल फिरवून साचे कापले, एकूण अकरा. त्या आकाराच्या पातळ प्लायवूडच्या फळ्या कापायच्या, त्यांना बाहेरच नवं रेक्झिन चिकटवायचं आणि मग स्क्रूने वर बसवायच्या. म्हणजे पुढच्या वेळी गळती झाली तर चार स्क्रू काढले की आत बघता येईल, खरवडायला नको.

काकांनी तोवर सगळ्या गाद्या उचलून उभ्या केल्या, लॉकरची सगळी दारं उघडी ठेवली, पायाखालच्या दोन फळ्या काढल्या म्हणजे हवा फिरेल. दुसऱ्या दिवशी भरतीला मूरिंगवर नेऊन बांधली. नवरा झाकणातली यादी मोठ्याने वाचत होता, मी एकेक सीकॉक बंद करत होते. पाचवा झाल्यावर तो म्हणाला, "आणि गॅस?" मी बघितला होता. परत जाऊन बघितला.

ब्राउन पेपरचे अकरा साचे गाडीच्या मागच्या सीटवर काकांच्या मांडीवर आहेत, वारा लागून उडू नयेत म्हणून त्यांनी खिडकी बंद करायला सांगितलीय.